खालच्या पट्टीतली खाच

आमचे जावई माणूस म्हणून वाईट नाहीत, असं सगळे म्हणतात. मीही तेच म्हणतो. वाईट व्हायलासुद्धा अंगात काहीतरी असावं लागतं.

हा गृहस्थ स्वयंपाकघरं विकणाऱ्या एका दुकानात बसतो आणि कॉम्प्युटरवर त्यांची चित्रं काढतो. महिन्याला दहा-बारा स्वयंपाकघरं तो अशी बसल्या जागी उभी करतो. खिळा कुठल्या बाजूनं टोकदार असतो हे त्याला माहीत असेल, पण मी पैज लावणार नाही. मी चव्वेचाळीस वर्षं सुतारकाम केलं. माझ्या एकुलत्या एका लेकीला, जिला आठव्या वर्षी रंधा धरता येत होता, हा चित्रकार पसंत पडला. तोंडावर मी त्याला 'जावईबापू' म्हणतो आणि 'तुम्ही' करतो. मनात तो चित्रकारच.

यंदा माझ्या कारखान्याची जागा मालकानं विकली. दोन महिन्यांत खाली करायची होती. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि तिच्या वर माझी राहायची खोली, म्हणजे काम आणि छप्पर दोन्ही एका दमात गेलं. पुतण्याचं घर होतं. तिथे चार पोरं, दिवसभर ओरडणारा टीव्ही आणि माझ्यासाठी बोळात एक खाट. दुसरी जागा लेकीकडे होती. तिच्या घरात एक लहानशी खोली रिकामी पडलेली. मला लेकीकडे राहायचं होतं. हे इथे सरळ सांगतो, कारण तिला कधी सांगितलं नाही. तिला म्हणालो, "बघ, तुमची सोय होत असेल तर."

ती एका दुपारी कारखान्यात आली आणि लहानपणी बसायची तशी कामाच्या बाकावर चढून बसली.

"खोली आहे, बाबा. तो तर कधीचा म्हणतोय, बाबांना आण म्हणून. अडचण माझी आहे."

"तुझी? कसली?"

"तुमच्या तोंडाची."

मी करवतीला तेल लावत होतो, ते लावत राहिलो.

"आम्हाला स्वयंपाकघर नवीन करायचंय," ती म्हणाली. "चित्र तो काढणार, लाकूडकाम तुम्ही करणार. महिन्याभराचं काम. त्या महिन्यात तुमच्या तोंडून त्याच्याबद्दल एक टोमणा निघाला, की खोलीचा विषय संपला."

"एकसुद्धा चालणार नाही?"

"अर्धासुद्धा नाही."

"आणि मनातल्या मनात?"

ती हसली. तिचं हसू तिच्या आईसारखं आहे, तोंड मिटून. "मनात काय करायचं ते करा. मला घरात ऐकू येता कामा नये. मी खूप ऐकलंय."

मी कबूल झालो. अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथे तर गाढवाच्या चित्राप्रमाणे फळ्या कापायच्या होत्या.

चित्र बघायला मी त्यांच्या घरी गेलो. जागा सात फूट बाय सहा. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं दारातूनच बोलायचं. एवढ्याशा खुराड्यात त्याला फ्रिज, ओव्हन आणि भांडी धुण्याचं मशीन बसवायचं होतं, तेही कपाटांच्या आत. स्क्रीनवर चित्र मोठं झोकात होतं. ओट्यावर वाडग्यात लिंबं, खिडकीत रोपटं, भिंतीवर ऊन. स्वयंपाक करणारं माणूस मात्र कुठेच नाही.

"बाबा, कल्पना अशी आहे," तो बोटं नाचवत म्हणाला, "की काही दिसताच कामा नये. फ्रिज शटरच्या मागे, भांड्यांचं मशीन शटरच्या मागे. ओव्हनची फक्त काच दिसेल. आणि सगळ्या शटरांची खालची कड इथून तिथपर्यंत एका रेषेत."

स्वयंपाकघरात स्वयंपाकाची वस्तू दिसली तर यांना लाज वाटते. मग यांनी जेवताना डोळे मिटून का घेऊ नयेत, असं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. लेक दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "छान."

मग त्यानं माप घेतलं. त्याच्याकडे एक डबी आहे. ती भिंतीला टेकवून कळ दाबली की समोर लाल ठिपका पडतो आणि डबीवर आकडा येतो. आकडा मिलिमीटरात, तोही दशांश चिन्हासकट. त्या भिंतीला मध्येच पोट आलेलं होतं. कोपरा काटकोनात नव्हता, हे गुण्या न लावता नुसत्या नजरेला दिसत होतं. ठिपका पोटावर पडला आणि चित्रकारानं पोटाचं माप दशांशापर्यंत लिहून घेतलं. मी काही बोललो नाही. बाजूची फळी थोडी मोठी ठेवायची आणि जागेवर भिंतीप्रमाणे तासून घ्यायची, हे मला झोपेतही जमतं. ओव्हनच्या मागे हवा खेळायला त्यानं जागा ठेवली होती आणि प्लगचा खटका शेजारच्या कपाटात घेतला होता. ते बरोबर होतं. पडते कधीकधी बोलाफुलाला गाठ.

पण भांड्यांच्या मशीनपाशी माझी नजर अडली.

ज्यांनी हे मशीन कपाटात बसवलेलं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मशीनच्या दाराला बाहेरून आपली फळी जोडतात, म्हणजे ते शेजारच्या शटरांसारखं दिसतं. दार उघडतं ते वरून खाली, पुढच्या बाजूला पडतं. पण मशीनची बिजागरी फळीच्या खालच्या टोकाला नसते, थोडी वर असते. त्यामुळे दार पुढे पडताना फळीचं खालचं टोक आत वळतं. आत असते जमिनीलगतची पट्टी, कपाटांचे पाय झाकणारी. फळी लांब असेल तर तिचं टोक त्या पट्टीवर आपटतं आणि दार अडतं. म्हणून एकतर फळी आखूड करायची, नाहीतर खालच्या पट्टीत तेवढ्या रुंदीची खाच ठेवायची. चित्रकाराला कड एका रेषेत हवी होती, म्हणून फळी पूर्ण लांबीची. पट्टीही सलग, कारण चित्रात ती सलग शोभत होती. चित्रातलं दार उघडायला कोणी जात नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तर लगेच दिसली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका बाईंच्या घरी माझं असंच दार अडलं होतं. मशीन बसवायला आलेला माणूस काही बोलला नाही. बाई फोनवर होत्या तेवढ्यात त्यानं माझ्याच पिशवीतली करवत घेतली, पट्टीत खाच मारली आणि पट्टी परत लावून मोकळा झाला. बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. मला तेव्हा तो माणूस बावळट वाटला होता. एवढी आयती संधी त्यानं वाया घालवली.

मी चित्राकडे बघत राहिलो. त्याला म्हणायला हवं होतं, जावईबापू, इथे खाच लागेल. चार शब्दांचं काम. पण ठरलं काय होतं? त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही. चूक दाखवली आणि त्यांना टोमणा वाटला तर? आपण आपली जीभ आवरावी, चित्रात आहे तसं करून द्यावं. असं मी स्वतःला समजावलं. चूक दाखवणं आणि टोमणा मारणं यातला फरक मला कळत होता. न कळण्याएवढा मी खुळा नाही. मला त्याचं तोंड बघायचं होतं. सगळ्यांसमोर दार अडेल, 'टक्' असा आवाज होईल, आणि त्या लिंबांच्या चित्रकाराचं तोंड लिंबाएवढं होईल. मी एक अक्षरही बोललेलो नसेन. टोमणा असा, की ज्याला आवाजच नाही.

कामाला लागलो. तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुकानातून सुटला की हा कारखान्यात हजर. "बाबा, काही मदत?" फळी धरायला सांगितली तर अशी धरायचा जसं काही दुसऱ्याचं मूल पहिल्यांदा हातात दिलंय. भुसा नाकात जाऊन शिंकायचा. पटाशीला 'ही छोटी सुरी' म्हणाला. एकदा मी सांधा बसवताना फोनवर माझ्या हातांचा व्हिडिओ काढला आणि दुकानातल्या लोकांना दाखवला. त्यांना फार आवडला म्हणे. येताना रोज चहा आणायचा, तोही न सांडता. त्याला जमणारं तेवढं एकच काम.

लेक अधूनमधून यायची. आम्ही दोघं एका फळीची दोन टोकं धरून उभे असलेले बघून थांबायची आणि बाकावर बसायची. तिच्या चेहऱ्यावर असं काही दिसायचं, की मला दुसरीकडे बघावं लागायचं.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तो एकटा आला. हातात चित्रांचे कागद होते.

"बाबा, एक विचारू? यंत्रांची मापं मी पुस्तिकेतून घेतलीत. पण प्रत्यक्ष हातानं तुम्ही केलंय. चित्रात कुठे काही चुकत असेल तर सांगाल ना? मला राग येणार नाही."

बघा माणूस. राग येणार नाही म्हणे. मान आपल्या हातानं पुढे करून वर 'सावकाश चालू द्या' म्हणणाऱ्यातला. मी कागद हातात घेतला, चष्मा लावला, भांड्यांच्या मशीनवर बोट ठेवलं, तिथून ते पुढे सरकवलं.

"चित्रात कसली चूक?" मी म्हणालो. "सुरेख आहे."

तो इतका खूश झाला की चहाचा पेला विसरून गेला.

त्याच आठवड्यात मी खाच असलेली दुसरी एक पट्टी केली. मला नुसतं त्याचं तोंड बघायचं नव्हतं. दार अडल्यावर, सगळे हवालदिल झाल्यावर, मी पिशवी उघडणार आणि तयार पट्टी काढून बसवणार होतो. खरं तर अशा वेळी तिथल्या तिथे करवतीनं खाच मारली तरी भागतं. पण करवतीच्या खाचेची कड उघडी दिसते, आतला प्लाय फाटक्या बाहीसारखा बाहेर येतो. तसलं काम माझ्या हातून होत नाही. मी खाच मापानं कापली. आतल्या तिन्ही कडांना शटरांवर लावलं होतं त्याच लाकडाची पातळ पट्टी चिकटवून रात्रभर शिकंज्यात आवळली. कोपरे घासले. वर पॉलिशचे तीन हात दिले, रोज एक. झाल्यावर उजेडात धरून बघितली. खाच आहे म्हणून कोणी सांगितलं नसतं, लाकूडच तसं उगवलंय म्हटलं असतं. अशी सुबक वस्तू माझ्या हातून बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. जुन्या चादरीत गुंडाळून ठेवून दिली.

बसवण्याच्या दिवशी सकाळी अकराला मशीनवाला आला. विहीणबाई त्याच्याही आधी आल्या होत्या. मुलाचं कौतुक असलं की त्या अर्धा तास लवकर येतात. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून त्या बसल्या, म्हणजे आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या गुडघ्यांवरून जावं लागत होतं.

"आमच्याकडे हे लहानपणापासूनच," त्या मला म्हणाल्या. "वहीच्या मागच्या पानावर घरंच काढायचा."

"अजूनही तेच करतात," मी म्हणालो. लेकीनं चमकून बघितलं. मी पुढे जोडलं, "फार छान काढतात."

फ्रिज गेला. शटर लावलं, बंद केलं, फ्रिज दिसेनासा झाला. विहीणबाईंनी टाळी वाजवली. ओव्हन कप्प्यात सरकवला, तो असा बसला की चारी बाजूंनी नखाएवढी सारखी फट. मशीनवाला जाडजूड, कमी बोलणारा माणूस होता. त्यानं फटीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. जाणकार माणसानं मान हलवली की बरं वाटतं, मग ते बरं वाटणं कुठल्याही दिवशी असो.

मग भांड्यांचं मशीन आलं. आत सरकवलं, पाणी जोडलं, दाराला फळी लावली, खालची पट्टी बसवली. सगळं एका रेषेत, चित्रासारखं. चित्रकार दोन पावलं मागे गेला, म्हणजे त्याची पाठ समोरच्या भिंतीला लागली, आणि तिथून बघत राहिला. त्याचे डोळे पाणावले होते. लाकडाला बघून डोळ्यांत पाणी.

"आई, तू उघड," तो म्हणाला. "पहिल्यांदा तू."

विहीणबाई उठल्या, पदर सावरला आणि दार ओढलं. दार चार बोटं उघडलं आणि 'टक्' झालं.

त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा टक्.

"घट्ट आहे का रे?"

त्यानं ओढून बघितलं. वाकून बघितलं. मशीनवाला खाली बसला, पट्टीवर बोट आपटलं आणि म्हणाला, "फळी खाली लागतेय. पट्टीत खाच हवी होती. चित्र कोणी काढलं?"

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? छातीत ऊब आल्यासारखं झालं. एक महिना दाबून धरलेला प्रत्येक टोमणा त्या एका 'टक्'मध्ये वसूल झाला. त्याचं तोंड मला हवं होतं तसंच झालं होतं. कानांपर्यंत लाल, ओठ पांढरे. विहीणबाईंनी तर काम सोपंच केलं.

"अरे, तू तर म्हणालास कॉम्प्युटरनं सगळं तपासलंय!"

तो जमिनीवर बसला. मला वाटलं आता हा मशीनवर ढकलेल, पुस्तिकेवर ढकलेल, फार तर माझ्यावर ढकलेल. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याच्यासारख्यांसाठीच तर केलेलं आहे. मी त्याची वाट बघत होतो.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "बाबांनी चित्रात होतं तसंच केलंय. त्यांचा काही दोष नाही. चूक माझी."

भांडायलासुद्धा येत नाही या माणसाला.

मी पिशवी उघडली. चादर सोडली, पट्टी काढली. गुडघे दुखत होते तरी खाली बसलो. जुनी पट्टी ओढून काढली, नवी कपाटाच्या पायांवरच्या चिमट्यांवर दाबून बसवली. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग बोटानं दार ओढलं. दार सुळकन खाली आलं, फळीचं टोक खाचेत शिरलं आणि आडवं होऊन थांबलं. आवाजसुद्धा नाही.

"अगंबाई!" विहीणबाई म्हणाल्या. "अनुभव तो अनुभव."

चित्रकारानं माझे दोन्ही हात धरले. "बाबा, तुम्ही होतात म्हणून! तुम्हाला कसं सुचलं? मला खरंच कळत नाही, तुम्हाला कसं सुचलं!"

खरंच कळत नव्हतं त्याला. एवढा धडधडीत पुरावा पायांशी पडलेला, आणि हा सुचण्याचं कौतुक करत होता. मशीनवाल्याला कळलं. तो खाचेकडे बघत होता, मग माझ्याकडे बघितलं आणि हत्यारं गोळा करता करता हळूच म्हणाला, "तयारच आणलीत होय?" त्याच्या आवाजात विचारणं नव्हतं. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

जावई त्याला खाली गाडीपर्यंत सोडायला गेला. विहीणबाई बाहेर जाऊन बहिणीला फोन करायला लागल्या. ओट्याशी मी आणि लेक उरलो. ती उकिडवी बसली होती. तिनं खाचेच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला, कोपऱ्यापर्यंत नेला. मग पट्टी ओढून काढली आणि नाकाजवळ नेली.

"हे कधी केलंत?"

"काल."

"बाबा, पॉलिशला वास नाहीये."

पॉलिशचा वास आठवडाभर जात नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नाही, हेही.

"तीन हात आहेत," ती म्हणाली. "त्याच्या आधी कड चिकटवून एक रात्र. म्हणजे आठ-दहा दिवस झाले. तुम्हाला माहीत होतं."

"चित्र त्याचं होतं."

"त्यानं तुम्हाला विचारलं होतं. मला घरी येऊन सांगितलं, बाबा म्हणाले सुरेख आहे. दोनदा सांगितलं."

"तूच म्हणालीस टोमणा मारायचा नाही. मी महिनाभर एक शब्द बोललो का? आठवून सांग."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. रागाला मी उत्तर देतो.

"तुमच्या पिशवीत करवत होती ना?"

"होती."

"मग इथल्या इथे खाच मारायची होती. मला कळलंसुद्धा नसतं."

"उघडी कड राहिली असती."

तिनं मान हलवली. असंच काहीतरी येणार हे तिला ठाऊक असावं. पट्टी परत जागेवर बसवली, तळहातानं दाबली. नीट बसवली, मी शिकवलं होतं तशी.

"त्याला तुमचे टोमणे लागतच नाहीत, बाबा," ती म्हणाली. "तो हसून सोडून देतो. मला लागतात. आई शेवटी शेवटी तुमच्यासमोर सुईत दोरासुद्धा ओवत नव्हती. तुम्ही बाहेर गेलात की ओवायची. मी रोज त्याला सांगत होते, बाबा बदलले, बघ, किती बदलले."

ती ओट्याला धरून उठली.

"त्याला मी यातलं काही सांगणार नाही. पण तुम्ही इकडे राहायला येऊ नका. पुतण्याकडे सामान हलवायला मी येईन."

मला म्हणायचं होतं की चुकलं. हा शब्द मी दुसऱ्यांच्या कामाबद्दल आयुष्यभर वापरला आहे, दिवसातून दहादा, जिभेला काही कष्ट न पडता. त्या वेळी तो आला नाही. मी म्हणालो, "बरं."

तेवढ्यात तो जिना चढून धापा टाकत आला. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला होता. असल्या माणसांना अपमान अर्धा तासही पुरत नाही. आतून त्यानं एक कागद आणला आणि ओट्यावर पसरला.

"आज दाखवायचं नव्हतं, पण राहवत नाही. बाबा, तुमची खोली."

चित्र नेहमीसारखंच होतं, गुळगुळीत आणि रंगीत. खिडकीपाशी कामाचा लहान बाक, भिंतीवर हत्यारं टांगायची फळी. पलंग जरा उंच. "तुमचे गुडघे," तो म्हणाला. पलंगाच्या पायथ्याशी कपाट. वाडग्यात लिंबं काढायला विसरला नव्हता.

माझी नजर सवयीनं फिरली आणि कपाटाशी थांबली. त्याचं दार ज्या बाजूनं उघडत होतं, तिथे पलंगाचा कोपरा येत होता. दार अर्ध्यावर अडलं असतं. लेकीनं माझ्याकडे बघितलं. नजर कुठे थांबली ते तिला दिसलं होतं. त्या खोलीत मी राहणार नव्हतो, त्या कपाटात माझे कपडे नसणार होते, आणि हे त्या ओट्याशी आम्हा दोघांनाच माहीत होतं.

मी कानामागची पेन्सिल काढली. कागदावर दाराची बिजागरी खोडून दुसऱ्या बाजूला काढली.

"हे दार पलंगाला लागेल," मी म्हणालो. "बिजागरी डावीकडे घ्या."

एवढंच बोललो, त्याला काही शेपूट जोडलं नाही.

त्यानं कागदावर वाकून बघितलं, बोटानं दार उघडून पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. लेकीनं आमच्याकडे पाठ केली आणि चहाचे पेले नळाखाली धरले.

"अरे हो की!" तो म्हणाला. "बरं झालं बाबा, आधीच सांगितलंत."